अरिवळगन यांच्या दारातला बाक

मी बोलतोय, देवदाराच्या पाच फळ्यांचा बाक. मला कुठल्या कारखान्याने घडवलं नाही. तोक्योच्या कोतो भागात, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अरिवळगन नावाचे गृहस्थ राहत. त्यांनी सायकलला बांधून फळ्या आणल्या आणि दोन रविवार खपून मला उभं केलं. त्यांचा हात सुताराचा नव्हता. माझा एक पाय आखूड राहिला, म्हणून त्याखाली त्यांनी जुन्या टायरचा तुकडा ठोकला.

अरिवळगन मूळचे तमिळनाडूतल्या तिरुवारूरकडचे, वय अठ्ठावन्न. पुण्यात नऊ वर्षं नोकरी करून ते जपानला आले. मराठी त्यांना चांगली येई, फक्त स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग त्यांना जुमानत नसे. पत्नी तेन्मोळी दोन वर्षांपूर्वी इथेच वारली. मुलगी कॅनडात. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या आणि त्यातली एक कायम टेबलाखाली सारलेली असे.

मला त्यांनी घरात ठेवलं नाही. दाराबाहेर, जिन्याच्या पायथ्याशी ठेवलं. त्यांच्या गावच्या घराला रस्त्याच्या बाजूने ओटा होता, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. वाटेने जाणाऱ्याने टेकावं, पाणी प्यावं, पुढे जावं. कोण, कुठला, हे घरच्यांनी विचारायचं नाही. तसं काहीतरी त्यांना आपल्या दारात हवं होतं.

सात आठवडे माझ्यावर कुणी बसलं नाही. लोक जाता-येता मान लववत आणि निघून जात. जपानी माणसाला दुसऱ्याच्या दारात बसायचा संकोच वाटतो आणि आपल्या माणसाला मोबाइलमधून मान वर करायला वेळ नसतो. संध्याकाळी अरिवळगनच चहाचा पेला घेऊन बसत, एका टोकाला. उरलेली जागा ते हाताने पुसून ठेवत.

पहिल्यांदा बसल्या त्या निशिमुरा-सान. वय एक्क्याऐंशी, घर चौथ्या मजल्यावर, हातात भाजीची चाकांची पिशवी. बसण्याआधी त्यांनी बंद दाराला ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला संत्र्यांची कागदी पिशवी लटकलेली होती. मग रोज चारच्या सुमाराला त्या पाच मिनिटं टेकू लागल्या.

तिसऱ्या मजल्यावर पुण्याची मेधा राहायची. नवरा शशांक आयटीत, मुलगी आर्या दुसरीत. आर्याची शाळेतून यायची वेळ झाली की मेधा खाली येऊन माझ्यावर बसे.

“काका, तुमचं आडनाव काय?” एका शनिवारी तिने विचारलं.

“आडनाव नाही. म. अरिवळगन. म म्हणजे मणिमारन, माझे वडील.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी जात होता. आजोबांनी सोडून दिला.”

मेधा जरा ओशाळली. मग त्यांनीच सांगितलं. गावातल्या ओट्यांवर काही सगळ्यांना बसू देत नसत. खालच्या वस्तीतल्या लोकांनी रस्त्यावर उभं राहून बोलायचं. आजोबांनी एक दिवस त्यातल्या दोघांना हाताला धरून ओट्यावर बसवलं, शेजारी स्वतः बसले आणि घरातल्याच पेल्यातून पाणी दिलं. आठ महिने गल्लीतलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. पुढे आजोबांनी मुलांची लग्नं भटजीशिवाय लावली, गावासमोर हार घालून. अरिवळगन यांचं लग्नही तसंच झालं.

“आमच्यात एक शब्द आहे, अरम्,” ते म्हणाले. “कायदा नाही, पूजा नाही. माणसाने माणसाशी कसं वागायचं, ते. लोक विचारतात, तुम्ही तमिळ म्हणजे काय? इडली, देऊळ, सिनेमा? माझ्यासाठी तमिळ म्हणजे हे. सगळे पाळतात असं नाही. मलाही रोज जमत नाही.”

मेधाने मान डोलावली. तिला ते मनापासून पटलं होतं, हे मी खात्रीने सांगतो.

डिसेंबरात एका दुपारी एक माणूस बॅग घेऊन आला आणि माझ्यावर बसला. अंगात पातळ जाकीट. सहा वाजले तरी उठला नाही. अरिवळगन कामावरून आले, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि आधी पाणी, मग रसम-भात आणून दिला. त्यानंतर त्याला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेधाने विचारलं, “काका, कोण आहे तो?”

“भूक लागला होता त्याला. एवढं मला माहीत आहे. या ना, ओळख करून देतो.”

“नको, नंतर कधीतरी,” मेधा म्हणाली आणि वर गेली.

त्या माणसाने अरिवळगन यांना आपण होऊन सगळं सांगितलं. त्याचं नाव रविकांत. योकोहामातल्या एका हॉटेलात तो स्वयंपाकी होता. हॉटेल बंद पडलं आणि मालकाने दिलेली खोलीही गेली. इथे तो दिवसभर काम शोधायचा आणि उरलेल्या वेळात अरिवळगन यांच्या स्वयंपाकघरात राबायचा. त्या दिवसांत दुसरी खुर्ची टेबलाबाहेर आली होती. दारामागून हसण्याचे आवाज येत. त्या घरातलं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

अकराव्या दिवशी दुपारी मेधा माझ्यावर बसून शशांकशी फोनवर बोलत होती.

“मी इमारतीच्या ऑफिसला फोन केला. नाव नाही सांगितलं माझं. म्हटलं, तळमजल्यावर परका माणूस राहतोय… अरे, तू येईपर्यंत मी एकटी असते आर्याला घेऊन. असली माणसं कुठून कुठून येतात, काय भरवसा? काकांना कळणार नाही.”

दारामागे, लवकर परतलेल्या रविकांतचा कांदा चिरण्याचा आवाज थांबला. मेधाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण बाकाला तोंड असून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेधा आर्याला घेऊन जिना उतरत होती, तेव्हा रविकांत बॅग घेऊन बाहेर उभा होता.

“ताई, मी निघालो,” तो म्हणाला. “आता निर्धास्त राहा. मी उदगीरचा आहे. वाईट माणूस नाही मी.”

मेधाचा हात कठड्यावर तसाच राहिला. तो स्टेशनच्या दिशेने गेला. आर्याने जपानीत काहीतरी विचारलं, त्याला तिने उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी ती खाली आली. अरिवळगन रविकांतला पुन्हा पुन्हा फोन लावत होते. तो बंद होता.

“काका, ऑफिसला मी फोन केला होता.”

त्यांनी फोन खाली ठेवला. “भीती वाटली?”

“हो.”

“मग माझ्याकडे यायचं. दार इथेच होता.”

ते आत गेले आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं. पाहुण्याबद्दल समज, आणि जाण्यायेण्याच्या वाटेत सामान ठेवायला मनाई, दहा दिवसांत हलवावं. नियम योग्यच होता. आग लागली तर लोकांनी पळायचं कुठून? अरिवळगन यांनी माझ्यावर, मोठा कचरा नेणाऱ्या पालिकेच्या गाडीसाठी लावतात ती चिठ्ठी चिकटवली. निशिमुरा-सान आल्या, चिठ्ठी वाचली, बसल्या नाहीत. मला वाकून नमस्कार केला आणि जिना चढू लागल्या.

गाडी यायच्या आदल्या दिवशी मेधा आली. “काका, हा मला द्याल?”

त्यांनी फक्त होकारार्थी मान हलवली. शशांकने आणि त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर, मेधाच्या बाल्कनीत चढवलं. मार्चमध्ये अरिवळगन यांची ओसाकाला बदली झाली. जाताना ते मेधाचा निरोप घ्यायला वर आले, पण बाल्कनीपर्यंत आले नाहीत.

आता माझ्यावर कपड्यांची टोपली असते, चिमटे असतात, पुदिन्याची कुंडी असते. माणूस नसतं. गजांतून खालचं अंगण दिसतं. निशिमुरा-सान बाजारातून येताना तीनदा थांबतात, पिशवीच्या दांड्याला धरून. मेधालाही ते दिसतं. कपडे वाळत घालताना तिचे हात थांबतात.

मे महिन्यात तिने एक अर्ज आणला: अंगणातल्या झाडाखाली बाक ठेवण्याची परवानगी. आर्या जपानी वाचून दाखवत होती. एका रकान्यात वापरणाऱ्यांची नावं लिहायची होती. मेधाने बाल्कनीत येऊन ओसाकाला फोन लावला. जानेवारीनंतर दोघं नीट बोलली नव्हती.

“काका, इथे नावं मागितलीत. काय लिहू?”

पलीकडून आवाज आला, “पहिला नाव रविकांतचा लिहा.”

“त्यांचा पत्ता लागला?”

“नाही.”

मेधा माझ्या कडेला टेकली, टोपली बाजूला सारून. “आणि त्याच्या खाली?”

“खाली जागा सोडा.”

तिने लिहिलं. आर्याने अक्षरं जुळवून दिली आणि विचारलं, हे कोण? या वेळी मेधाने तिला सगळं सांगितलं, ऑफिसला स्वतः केलेला फोनसुद्धा.

अर्ज जाऊन पाच आठवडे झाले, उत्तर नाही. उन्हाने माझा वरचा रंग उडतोय. मला कुणाच्या तरी वाटेवर ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्यापैकी कुणाला जपानात किंवा उदगीरला रविकांत नावाचा स्वयंपाकी भेटला, तर त्याला सांगा, कोतोतल्या एका अर्जावर पहिलं नाव त्याचं आहे.