तुळशीखालचा झरोका

मी एक जुना झरोका आहे, मित्रांनो. पुंडलिकनगरातल्या एका अंगणात, जमिनीला टेकूनच माझं तोंड आहे. वर आभाळ आणि खाली एक घर. दोघांच्या मधे उभं राहून मी आता थकलो आहे.

इथं घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. या घरच्या पुतळाबाईंचं कुटुंब वाढलं, पण जुना पाया वरचा मजला पेलेना. मग त्यांच्या यजमानांनी, आप्पांनी, अंगण खणून खाली दोन खोल्या बांधल्या. फुलंब्रीच्या सांडू मिस्त्रीनं छतातून मला वर आणलं. विटांची बसकी कड, तिच्यावर लोखंडी जाळी.

"आप्पा, हे घराचं नाक हाय बरं," तो म्हणाला होता. "बुजवू नका."

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. वैशाखात पुतळाबाई पोथी घेऊन खाली बसत. म्हणत, "कूलरचं काय घेऊन बसलात? हितं माठात बसल्यावानी वाटतंय!"

पुढं मुलं पुण्याला गेली, आप्पा देवाघरी गेले. खाली भाड्यानं कडूबा, त्याची बायको सुलेखा आणि त्यांचं तान्हं बाळ राहायला आलं.

गल्लीतल्या मोटारसायकली माझ्या तोंडाशी उभ्या राहू लागल्या. धूर खाली जाई, बाळ खोकत राही. पुतळाबाईंना ते ऐकवेना. त्यांनी तुळशीची जड, रुंद कुंडी आणवून नेमकी माझ्यावर ठेवली.

"आता लावा म्हणावं गाडी, तुळशीम्होरं!"

गाड्या हटल्या खऱ्या. पण माझं तोंडही मिटलं. पुतळाबाई रोज चहाआधी तुळशीला पाणी घालत, आणि ते पाणी झिरपून खाली उतरे. भिंतींना ओल आली, काडेपेट्या सर्दावल्या. स्वयंपाक करताना सुलेखाला घेरी येऊ लागली.

"मावशी, कुंडी जरा सरकवता का? लई कोंडल्यावानी व्हतंय वो."

"पोरी, चातुर्मास हाय. तुळशीचं लगीन लागूस्तोर आमच्यात तिला हलवत नाय. थोडं सोस, माय."

मी सगळं ऐकत होतो. पण झरोक्याला बोलता कुठं येतं?

एका एकादशीला पुतळाबाई राजगिऱ्याचा लाडू घेऊन खाली उतरल्या. गॅसची शेगडी चालूच होती. सुलेखा भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे. मांडीवरचं बाळ रडतही नव्हतं. पुतळाबाईंनी शेगडी बंद केली, बाळ छातीशी धरलं आणि सुलेखाला ओढतच अंगणात आणलं. बऱ्याच वेळानं बाळ रडलं. सुलेखाच्या ओठांनाही रंग आला.

तेव्हा कुठं पुतळाबाईंनी तुळशीला हात जोडले.

"माय, नेम मोडते. तुझ्याखाली लेकरू गुदमरतंय. तुला तरी ग्वाड लागंल का गं माझं पाणी?"

आणि एकटीनं ती कुंडी ढकलली. माझ्या विटेचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे.

आता तुळस माझ्या शेजारी असते, त्यामुळं गाडी कुणी लावत नाही. सकाळी तिला पाणी घालून झालं की पुतळाबाई माझ्या जाळीवरची पानं वेचतात. चहा त्यानंतर.

मित्रांनो, माझी जाळी गंजली आहे. गल्लीत अजून दोन घरं जमिनीखाली उतरत आहेत. जागाच नाही, माणसं जातील कुठं? खाली जरूर राहा, तिथं गारवा आहे. पण वाटेत माझ्यासारखी जाळी दिसली, तर तिच्यावर काही ठेवू नका. चांगल्या मनानंही नको. जरा कान द्या. माझ्यातून आत्ता कुकरची शिट्टी ऐकू येते आहे, आणि खाली बाळ हसतं आहे.