आतल्या कडेची झीज

ट्रेलरचा जुना टायर भंगाराच्या ढिगाकडे लोटताना टायरवाल्याने सवयीने त्यावरून उघडा तळवा फिरवला आणि त्याचा हात थबकला. त्याने पुन्हा फिरवून पाहिला. आतल्या कडेचं रबर नुसतं झिजलेलं नव्हतं, वीत-वीत अंतरावर त्यात खळगे पडले होते.

काल संध्याकाळी जावयाच्या ट्रेलरचा हा टायर त्यानेच बदलला होता. तेव्हा म्हणाला होता, "एक्सल जरासा वाकलाय, जावईबापू. आतली कड खातोय. पुढच्या खेपेला सरळ करू."

कड एकसारखी झिजली तर एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, वाकलेला. खळगे पडले तर बेअरिंग ढिलं, चाक डुगडुगतंय. मळलेल्या टायरवर डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, तळव्याला मात्र लगेच कळतं. पण काल त्याने लेकीने आणलेले जाड हातमोजे घातले होते. "हातांची पार वाट लावून घेतलीय तुम्ही, बाबा," म्हणाली होती. ती समोर उभी असताना ते काढणं त्याच्या जिवावर आलं.

आणि आज ती नवऱ्याशेजारी केबिनमध्ये बसून गेली होती.

तिचा फोन लागेना. जावयाचा लागला.

"बोला मामा. लेकीशिवाय करमेना वाटतं?"

"कुठं आहात?"

"हे काय, उतार आलाच."

"गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता."

"अहो, तिकडे माल उतरवायला माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. एक्सल नाही, बेअरिंग गेलंय. चाक निखळेल."

"पण तुम्हीच म्हणालात, पुढच्या खेपेला."

"म्हणालो. झक मारली."

ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज आला. दारं आपटली. मग फोनवर लेक आली.

"बाबा, हे बघताहेत चाक. तुम्ही उगाच घाबरवता हं."

"मधोमध हात ने. टेकवू नकोस, नुसता जवळ ने."

खडीवर तिची पावलं वाजली. मग ती अगदी हळू म्हणाली, "जवळसुद्धा नेववत नाही. धूर येतोय."

"लांब व्हा दोघं. चढाच्या बाजूला जा, उताराकडे नको."

त्याने बेअरिंग आणि जॅक उचलला. फोनवरचं बोलणं ऐकून शेजारचा मेस्त्री न विचारताच त्याच्या गाडीच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"बाबा, येताय ना?"

"निघालो. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पण फोन ठेवू नकोस."

मग ती नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सांगू लागली. सांगता सांगता तिचा आवाज कापायला लागला, तरी ती थांबली नाही. तो फोन कानाशी घट्ट धरून दर वाक्याला हुंकार देत राहिला.