पखवाजाच्या तोंडावरचा हातपंप

सकाळी सात वाजता मुरुडच्या एका नव्या सरकारी कचेरीच्या अंगणातल्या हातपंपाला साखळी घालून कुलूप लावण्यात आले. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्ष उलटले नव्हते, पाऊस चुकला होता, जवळच्या विहिरी आटल्या होत्या. घरी सून बाळंतीण असलेल्या केवळाबाई रिकामी घागर घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

भागातल्या भजनपरंपरेचा मान म्हणून कचेरीचा नकाशा काढणाऱ्या नांदेडच्या व्यंकटरावांनी हे अंगण आडव्या पखवाजाच्या आकारात आखले होते. चामडी पट्ट्यांच्या जागी फरशीच्या ओळी, दोन तोंडांच्या जागी दोन गोल ओटे. हातपंप नेमका डाव्या तोंडात आला. तो उपटायचे ठरले, पण त्याआधी उदगीरचे पखवाजी रेवणप्पा यांचे मत घेण्यात आले. ते म्हणाले, "डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याबिगर पखवाज बोलत नाही." तेव्हापासून कचेरीचा शिपाई रोज सकाळी त्या ओट्यावर गव्हाची कणीक थापतो. ती ओली ठेवण्यासाठी पंप राहिला आणि वाद्याचा भाग ठरला.

"वाद्याला वाजवणाऱ्यानंच हात लावायचा," कचेरीचे बडे बाबू किशनराव म्हणाले. "वरून तसा हुकूम हाय."

"मग आम्ही वाजवतो की," केवळाबाई म्हणाल्या.

"तुम्ही? पखवाज?"

"माझ्या दादल्यानं जलमभर वाजवला, अन् कणीक कोण मळून देत होतं? उघडा कुलूप."

किशनरावांनी हुकूम पुन्हा वाचला. बायकांनी वाजवू नये असे त्यात नव्हते. गल्लीतल्या बायका टाळ घेऊन ओट्यावर बसल्या, त्यांतल्या गुणाबाईंनी घरचा पखवाज मांडीवर घेतला. कुलूप निघाले.

"पाणी मातर कणकीवरच पडाय पाह्यजे," किशनराव म्हणाले. "मधी घागर धरायची न्हाई."

"वाजवणं चालू असताना कणीक कोण लावतंय, बाबू? ती आधी लावत्यात," केवळाबाई म्हणाल्या.

किशनरावांनी कचेरीत जाऊन विचार केला. बाहेर येऊन त्यांनी हे मान्य केले. भजन चालू असेल तोवर घागरी भराव्यात. थांबले की पाणी कणकीचे.

"मधी चहा?" गुणाबाईंनी विचारले.

"चहाला थांबलात, तर थांबलंच."

रांग वेशीपर्यंत गेली. ज्यांना भजन येत नव्हते त्या नुसत्याच टाळ कुटत होत्या. व्यंकटरावांना बोलावणे गेले. ते बसने निघाल्याचे कळते.

दुपारी बारापर्यंतची माहिती अशी: भजन चालू आहे. गुणाबाईंचा आवाज बसला आहे, पण हात थांबलेला नाही. दांडा चारदा मारला की पंप एकदा पाणी देतो. केवळाबाईंची घागर तोटीखाली असून निम्म्याला आली आहे.