काचेआड मुकी झालेली देवी

फुलसावंगीच्या शिवारात, मारोतरावांच्या तुरीला लागून बांधमाय देवीचं टिनाचं देऊळ आहे. एरवी तिथं शेळ्या बसतात. त्या दिवशी मात्र सकाळपासून रांग लागली होती. आर्णीकडून ऑटो भरभरून माणसं येत होती, नारळवाल्यानं दुसरं पोतं फोडलं होतं. रांगेतला माणूस हात जोडून उंबऱ्यापाशी आला, की हारांनी झाकलेल्या शेंदरी दगडातून खणखणीत आवाज यायचा:

"कोण हाय रे तिकडं? मांगं फिर! नाई तर काठी घालीन!"

"बांधमायचा उदो उदो!" गर्दी गर्जायची.

मग चिमटेनाथ महाराज अर्थ सांगायचे. "ऐकलं का भक्तहो! माय विचारते, कोण हाय? म्हणजे तू कोण हायेस, हे तुलेच ठाव नाई! मांगं फिर म्हणते, म्हणजे पाप सोड. अन् काठी तं साक्षात प्रसाद हाय!" एवढं बोलून ते वेताची काठी भक्ताच्या पाठीत सणकन घालायचे. लोक आपण होऊन पाठ पुढं करत होते. एका गृहस्थानं तर बायकोच्या वाटचीही मागून घेतली.

देवळाशेजारी चौरंगावर आठवीतली निकिता बसली होती. अंगाला हिरवी साडी गुंडाळलेली, कपाळभर मळवट भरलेला. तिला रडू येत होतं आणि मधूनच हसूही फुटत होतं, पण देवीला दोन्हीची मोकळीक नसते. दगडातून येणारा तो आवाज तिचाच होता.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं आणि वर्गातल्या उर्वशीनं बोलतं बुजगावणं बनवलं होतं. रानडुकरं तुरीत शिरतात आणि जागलीला गेलेली माणसं सकाळी लाल डोळ्यांनी परततात, म्हणून ही युक्ती. स्टीलच्या डब्याला भोक पाडून बसवलेला सेन्सर, आत बॅटरी आणि स्पीकर. उबदार अंगाचं काही समोर हललं की डब्यानं ओरडायचं. काय ओरडायचं, तर निकिताची आई वच्छलाबाई जागलीत ओरडायची तेच, निकिताच्या आवाजात. शाळेतल्या भीमराज सरांनी तारा जोडायला शिकवल्या, आणि पोरींनी डबा बुजगावण्याच्या छातीत बसवला. दोन-चार दिवसांत तो चोरीला गेला. त्याच आठवड्यात देवळात मुक्काम ठोकलेल्या महाराजांची देवी बोलायला लागली.

"अवं, हा तं मारोतरावच्या निकिताचा आवाज!" पहिल्याच दिवशी कुणीतरी ओळखलं.

महाराज क्षणभरही गडबडले नाहीत. "देवीनं पोरीचा गळा घेतला," म्हणाले, आणि निकिताला उचलून चौरंगावर बसवलं.

ती घसा फोडून सांगत होती की हा आमचा डबा आहे, देवळात मागं बघा. "मांगं पाहीन त्याची नजर जाईन," महाराज म्हणाले. "अन् जिच्यात माय येते तिले कळत नसते, ती नाईच म्हणते." झालं! निकिता नाही म्हणाली तरी देवी, रडली तरी देवी, भूक लागली म्हणाली तर देवीला नैवेद्य. शाळा बंद झाली. पोरगी स्वतःच्याच प्रकल्पात कोंडली गेली.

भीमराज सर समजवायला आले, तर महाराज हसून म्हणाले, "सर, तुमी विहारात जानारे. आमच्या देवीतलं तुमाले काय समजते?" सरांच्या हाताखाली शिकलेली माणसं तिथं उभी होती. त्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. ते गप्प बसणं निकिताच्या मनाला फार लागलं.

आणि तिचा बाप! मारोतरावांना गावात कधी कुणी पुढं बस म्हटलं नव्हतं. आता लोक त्यांच्या पाया पडत होते.

"बाबा, डबा तुमी पाह्यला होता ना?" तिनं एकदा हळूच विचारलं.

"पाह्यला होता. पन थो तं चोरीले गेला. मंग हे कोन बोलून राह्यलं?"

"थोच बोलून राह्यला!"

"मंग एवढे लोक काय येडे हायेत काय बाई?"



आज तर जीपच येऊन उभी होती. "कुवारी देवी घरात ठेवत नसतात," महाराजांनी जाहीर केलं होतं. "माय आज माह्यासंगं वणीकडच्या मठात येईन." वच्छलाबाई डोळ्याला पदर लावून लेकीचे कपडे पिशवीत भरत होती.

तेवढ्यात रांगेतून उर्वशी आली आणि पाया पडायच्या निमित्तानं वाकली.

"ऐक वं," ती कुजबुजली, "निकिताचं कोनी ऐकत नाई. पन देवीचं तं ऐकतेत ना? काच मांग."

निकिताला वर्गाची खिडकी आठवली. काचेआड ठेवला की डबा मुका व्हायचा. अंगाच्या उबेचे जे किरण सेन्सर पकडतो, ते साध्या काचेतून पलीकडं जात नाहीत, हे सरांनी तिथंच दाखवलं होतं.

ती ताडकन उठली, केस मोकळे सोडून घुमायला लागली. "मले काच पाह्यजे! पानठेल्याची! आत्ताच्या आत्ता!"

"माय थकली, जीपमंधी बसवा," महाराज घाईनं म्हणाले.

"तुमी देवीले शिकवता काय?" रांगेतून तुळसाबाई म्हातारी कडाडली. भक्ती महाराजांनीच शिकवली होती, आता ती त्यांच्याच अंगावर आली. पानवाल्या कपिलनं आपल्या ठेल्याचं तावदान काढून आणलंसुद्धा.

काच हारांसमोर धरली गेली. एक माणूस उंबऱ्यापाशी आला. देवी गप्प. दुसरा आला, हात हलवले, उडी मारली. गप्प! काच बाजूला केली आणि लगेच आवाज आला, "कोण हाय रे तिकडं?"

"काचेतून आपल्याले दिसते," निकिता ओरडली, "मंग देवीले काहून दिसत नाई? बाबा, हाराच्या मांगं हात घाला!"

"नजर जाईन वं माय..."

"देवी सांगते, घाला!"

मारोतरावांनी डोळे गच्च मिटून हात घातला आणि बाहेर काढला तो एक डबा. काढताना भोकासमोर त्यांचाच हात हलला, तसा डबा त्यांच्यावरच खेकसला, "मांगं फिर! नाई तर काठी घालीन!"

वच्छलाबाईनं डबा हिसकावून घेतला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: सौ. वच्छला. "हा तं माह्या आहेरातला डबा!"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. रानडुकरांसाठीचा निरोप आपण हात जोडून ऐकत होतो, हे एकेकाच्या ध्यानात यायला लागलं, तसे लोक नकळत पाठ चोळू लागले. महाराज जीपकडं सटकले, पण जीप आल्याचं कळताच चौकीकडं धावलेले भीमराज सर तिथं पोलिसांना घेऊन उभे होते. रोज दार लावून चाललेला 'अभिषेक' म्हणजे बॅटरी बदलणं होतं, हे चौकीत कळलं. आणि डबा सापडला कसा? तर लोटा घेऊन तुरीत बसले असताना बुजगावणं महाराजांवरच ओरडलं होतं. म्हणजे या देवीला घाबरलेला पहिला भक्त तेच!

"पन काच तं देवीनंच मांगली ना?" तुळसाबाईनं पुन्हा हात जोडले.

निकितानं पदरानं मळवट खसाखसा पुसला. "नाई आजी. म्या मांगली. म्या सोंग केलं. इतके दिवस निकिता म्हनून बोंबलली, तवा एकानंही ऐकलं नाई. देवीचं सोंग घेतलं, त तुमी पानठेला उचकटला. याच सोंगात 'पोरीले मठात धाडा' म्हनली असती, त तेही केलं असतं ना?"

मारोतराव मान खाली घालून उभे होते. वच्छलाबाईनं पिशवी जमिनीवर उपडी केली आणि लेकीचा शाळेचा गणवेश उचलून छातीशी धरला.

निकितानं तावदान तुळसाबाईच्या हातात दिलं. "माह्यावर बी इस्वास ठेवू नका. धरा, अन् तुमीच पाहा."

म्हातारीनं काच धरली, काढली, पुन्हा धरली. डबा ओरडला, गप्प झाला, पुन्हा ओरडला. तिच्यामागं बायकांची नवी रांग लागली.

वाचकहो, हात जोडायला कुणाची मनाई नाही. पण जोडण्याआधी तोच हात एकदा हाराच्या मागं घालून पाहा. नजर जात नाही, उलट येते.