बेगिमायच्या वाट्याला आलेली जीभ

बेगिमायला प्रेमात पडायची खोडच होती. माणसांच्या नव्हे हो, माणसांसाठी तिला वेळ कुठला! ती पडायची शाखांच्या प्रेमात. बिश्केकला मानसोपचार शिकायचं तिचं शेवटचं वर्ष चाललं होतं. शिकाऊ डॉक्टरांना दर काही महिन्यांनी नव्या विभागात पाठवतात, आणि बेगिमाय दर वेळी नव्या विभागात पाऊल टाकलं रे टाकलं की वितळायची.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात गेली तेव्हा तिने कराकोलला घरी फोन लावला. "अपा, ठरलं! मी दारू सोडवणारी डॉक्टर होणार!" तिची आई, सायरा, हरखून गेली. तिने अख्ख्या गल्लीत बातमी पोचवली, आणि त्या दिवसापासून बेगिमायचा मामा घरी फिरकेनासा झाला. मग म्हाताऱ्यांचा विभाग आला. तिथे एक विसराळू आजोबा रोज सकाळी तिला लग्नाची मागणी घालायचे, दुपारपर्यंत विसरायचे आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच लाजत पुन्हा विचारायचे. "अपा, इतकं प्रेम दुसऱ्या कुठल्या शाखेत मिळणार? ठरलं!" नंतर झोपेच्या तक्रारींचा विभाग आला. तिथे तीच पेशंटच्या आधी झोपली. त्यानंतर कोर्टाचं काम, म्हणजे आरोपीचं मन खरंच आजारी आहे की गडी सोंग करतोय हे न्यायाधीशाला सांगायचं. "अपा, आता मात्र पक्कं ठरलं!"

"अगं, तुझं ठरतंय तरी किती वेळा?" मागून तिचे वडील ओरडले. जुमागाझी गुरांचे डॉक्टर होते आणि आवाज कुरणाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. "मी एकटा माणूस मेंढीचे खूर बघतो, पोट बघतो, दात बघतो, बाळंतपण करतो. तुम्हाला नुसतं डोकं दिलंय, तर त्याच्याही पाच वाटण्या? लाज वाटते का काही?"

"अताके, माणसाचं डोकं मेंढीसारखं नसतं."

"गावात फिरून ये जरा, मग सांग."

आणि मग आला मुलांचा विभाग. तिथे झिबेक नावाची एक चिमुरडी होती, घराबाहेर कुणाशी एक अक्षर न बोलणारी. आली की सरळ टेबलाखाली जाऊन बसायची. बेगिमायने वेगळं काही केलं नाही, तीही टेबलाखाली जाऊन बसली. रोज. गुडघे दुखले, मोजे फाटले, येणारेजाणारे हसले, तरी बसली. आणि एक दिवस झिबेक चिडून म्हणाली, "तुझा पाय माझ्या स्वयंपाकघरात आलाय. काढ."

बेगिमायने पाय काढला, बाहेर आली, औषधांच्या खोलीत गेली, दार लावलं आणि एकटीच नाचली. खरं सांगते, दोन्ही हात वर करून नाचली. पण त्या दिवशी तिने घरी फोन केला नाही. कुणालाच सांगितलं नाही. आधीची सगळी प्रेमं बोंबलून सांगण्यासारखी होती. हे खरं होतं, म्हणून तिची वाचाच बसली.

घोटाळा झाला तो इथेच. बालविभागात पुढच्या शिक्षणाची जागा होती एकच, आणि कोण कुठल्या शाखेत जाणार ती नावं पाठवायची होती सोमवारी. विभागप्रमुख एर्मेक साबिरोविच, चांदीसारखे केस, जाड भिंगांचा चष्मा, भला माणूस, पण ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस दांडगी. त्यांनी तिला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "बेगिमाय, तुझा आवाज कोर्टात घुमला पाहिजे. तुझं नाव कोर्टाच्या कामासाठी टाकतो. बरं?"

आणि ही शहाणी काय म्हणाली? "बरं."

बरं! मुक्या पोरीला बोलती करणारी बाई स्वतः काय बोलली, तर बरं! प्रोफेसरांना नाही कसं म्हणायचं? वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात रीतच नाही. रात्रभर ती उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या देत राहिली.

शनिवारी वडिलांच्या साठीचा तोय, म्हणजे मोठी मेजवानी होती. तोयाला ती कराकोलला पोचते तो काय, अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरलेलं, बोरसोकचे, तळलेल्या पावांचे ढीग, कढईतून वाफ, आणि मानाच्या जागी मऊ गाद्यांवर कोण बसलंय? एर्मेक साबिरोविच! डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी, बहुतेक अताकेंनीच चढवलेली, कानांवर उतरलेली.

बेगिमायने वडिलांना कढईमागे ओढलं. "अताके, हे काय?"

"ते आपल्या इथल्या सरोवरावर हवापालटाला आलेत असं तूच म्हणाली होतीस ना? लावला फोन. माणूस लगेच आला. भुकेला दिसतो." जुमागाझी मिश्यांवर हात फिरवत हसले. "ऐक. मेंढीचं डोकं वाटायला त्यांच्यापुढे ठेवणार. ते तुला जो वाटा देतील आणि जे बोलतील, ते ठरलं. सगळ्या वडीलधाऱ्यांनी आमीन म्हटलं की खलास. पुन्हा फोनवर 'ठरलं ठरलं' नको. अपाच्या मैत्रिणी पैजा लावायला लागल्यात."

"अताके, तुम्ही माझं आयुष्य उकडलेल्या मेंढीवर सोडणार?"

"मेंढीने आजवर मला कधी फसवलेलं नाही. माणसांची खात्री देत नाही."

आता पळायला वाट नव्हती. चहाची किटली हातात घेऊन बेगिमाय प्रोफेसरांच्या खांद्याशी जाऊन बसली. आणि घाईघाईत तिने त्यांची पियाली काठोकाठ भरली. समोर बसलेल्या बात्मा एजेने, म्हणजे तिच्या आत्याने, छातीवर हात मारला. पाहुण्याची पियाली अर्धीच भरायची असते. काठोकाठ भरली म्हणजे प्या आणि उठा! "काय गं, हाकलतेस का बिचाऱ्याला?" आत्या पुटपुटली. प्रोफेसर मात्र खूश. "वा, घसघशीत चहा!" म्हणाले आणि अर्धा गुडघ्यावर सांडला.

तेवढ्यात डोकं आलं. लोकर भाजून काढलेलं, उकडलेलं, चकचकीत, ताटात प्रोफेसरांकडे तोंड करून ठेवलेलं. शेजारी सुरी. मानाचा पाहुणा सुरी उचलतो, आधी गालाचा तुकडा स्वतः घेतो, मग ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला देतो आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

एर्मेक साबिरोविच यांना ठाऊक नव्हतं. अख्खा जन्म शहरात गेलेला, बालपण चौथ्या मजल्यावर. मेंढी त्यांना भेटली असेल ती मांसविक्रेत्याच्या फ्रिजमध्ये. मेंदूवर पुस्तकं लिहिलेला माणूस, पण डोक्यापुढे बसून त्याला घाम फुटला. त्यांनी मान किंचित मागे वळवली आणि ओठ न हलवता म्हणाले, "बेगिमाय, हे माझ्याकडे बघतंय."

"उजव्या गालाचा तुकडा काढा. खा," ती किटलीआडून कुजबुजली.

त्यांनी काढला, खाल्ला. अंगणात समाधानाची कुजबुज झाली.

"आता डोळा. जवळच्या माणसाला द्यायचा, म्हणजे भेट वरचेवर होईल. अताकेंना द्या."

प्रोफेसरांनी डोळा काढला आणि जुमागाझींपुढे धरला. "आपली भेट वरचेवर होवो." जुमागाझींच्या डोळ्यांत पाणी! बायका "आय्या!" करून गेल्या. दुसरा डोळा मामाला गेला. मामा भीतभीतच आला होता, पण डोळा मिळताच त्याने बहिणीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. टाळू घरातल्या नव्या सुनेला दिली, म्हणजे हात कसबी होतील. एकामागून एक वाटे जात होते, आणि एर्मेक साबिरोविच यांना गोडी लागली. टोपी मागे सरकली, बाह्या वर गेल्या. आता ते वाक्यांना नक्षी काढू लागले. "या टाळूतून तुमच्या बोटांत फुलं उमलोत!" अंगण टाळ्या वाजवत होतं. बेगिमायला हसू आवरेना. किटली तिच्या हातात खुळखुळत होती.

आणि त्याच हसण्यात तिला वाटलं, अरे, सूत्रं तर माझ्याच हातात आहेत! कान लहान मुलांना देतात, म्हणजे ती थोरांचं ऐकतील. आपण नुसतं कुजबुजायचं: कान बेगिमायला द्या, आणि म्हणा, जा, मुलांमध्ये जा. झालं! ती पुढे झुकली.

पण प्रोफेसरांना आता कुजबुज नको होती. त्यांचा घोडा सुटला होता. त्यांनी आपणहून जबडा उघडला, जीभ कापून काढली आणि उंच धरली. "आणि ही जीभ," ते गरजले, "माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीला! हिची जीभ कोर्टात चालो, न्यायाधीश थरथरोत! सोमवारी हिचं नाव मी तिथेच देणार!"

"शाब्बास!" जुमागाझी ओरडले. "ठरलं!"

अपाच्या मैत्रिणींपैकी एकीने दुसरीपुढे तळहात पसरला, पैज जिंकल्यासारखा. आमीनसाठी सगळ्यांचे हात वर आले. ते तोंडावरून खाली उतरले की संपलं. बेगिमायच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं, त्याखालचं अंधारं स्वयंपाकघर, आणि तिथे बसून तिची वाट बघणारी झिबेक. सोमवारपासून तिथे कुणी दुसरंच बसेल. किंवा कुणीच बसणार नाही.

तिच्या हातात जीभ होती. गरम, मऊ, जड. ती तिने सगळीच्या सगळी तोंडात कोंबली. गाल फुगले, डोळे बाहेर आले. हात वर धरून लोक बघतच राहिले. कुणालाच हात खाली आणवेनात. तिने जेमतेम चावून गिळली, घोटभर चहा प्यायली आणि उभी राहिली.

"एर्मेक साबिरोविच, जीभ तुम्हीच दिलीत. आता ती चालणारच. मला कोर्टात जायचं नाही. मला मुलांचं काम करायचंय. जिन्यात मी बरं म्हणाले ते भीतीने म्हणाले. मला टेबलाखाली बसायचंय!"

"कशाखाली?" जुमागाझींनी विचारलं.

"टेबलाखाली, अताके! आणि शिकून झाल्यावर मी इथे येणार. सगळ्या सरोवराकाठी मुलांच्या मनाचा एक डॉक्टर नाही. इथली पोरं कुणाच्या टेबलाखाली बसणार?"

सायरा हळूच म्हणाली, "या वेळी फोन नाही आला, तेव्हाच मला कळलं होतं."

पण बेगिमाय थांबली नव्हती. एकदा सुटलेली माणसं थांबत नाहीत, हे तिच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. तिने सुरी उचलली, मेंढीचा कान कापला आणि दोन्ही हातांनी प्रोफेसरांपुढे धरला.

बात्मा एजेने किंकाळी फोडली. कान! पोराटोरांचा वाटा! तोही मानाच्या पाहुण्याला, तोही वयाने लहान पोरीच्या हातून! जुमागाझींनी कपाळावर हात मारला. "मेलो! साठीलाच मेलो!"

"याचा अर्थ काय असतो?" प्रोफेसरांनी गोंधळून विचारलं.

बेगिमाय म्हणाली, "कान ज्याने ऐकावं असं वाटतं, त्याला देतात."

एर्मेक साबिरोविच यांनी कान घेतला. चष्म्यातून उलटसुलट करून पाहिला. मग तोंडात टाकला आणि चावू लागले. मेंढीचा कान चिवट असतो. ते चावत राहिले. वर धरलेले हात दुखायला लागले, जर्दाळूच्या झाडावर साळुंक्या भांडून गप्प झाल्या. ते चावतच होते. टोपीखालचे त्यांचे स्वतःचे कान हळूहळू लाल होत गेले.

शेवटी त्यांनी गिळलं.

"बरं," एर्मेक साबिरोविच म्हणाले.

"बरं म्हणजे?" बेगिमायचा आवाज चिरकला. "जिन्यातल्यासारखं बरं, की खरंखुरं?"

"खरंखुरं. सोमवारी तुझं नाव मुलांकडे देतो." त्यांनी मिशी पुसली. "तीस वर्षं माणसांचं ऐकायला शिकवतोय. मला कुणी कान दिला नव्हता."

"आमीन!" जुमागाझी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं, आणि सगळे हात एकदम तोंडावरून खाली उतरले. मग काय, हशा, टाळ्या, अकॉर्डियन! मामाने नव्या सुनेला नाचायला ओढलं. बात्मा एजे हसता हसता रडू लागली आणि जो भेटेल त्याला सांगू लागली, "तरी मी म्हणत होते, ही पोरगी लहानपणी दस्तरखानाखालीच सापडायची!"

बेगिमाय पुन्हा प्रोफेसरांशेजारी बसली. तिने त्यांची रिकामी पियाली उचलली आणि चहा ओतला.

"अगं, अर्धीच?" एर्मेक साबिरोविच नाराज झाले. "मघाशी तर काठोकाठ दिली होतीस."

"मघाशी तुम्ही जावं असं वाटत होतं," बेगिमाय म्हणाली. "आता बसा."