पानाला बांधलेला लाल दोरा

सॉफ्टवेअर कंपनीचा रोड शो देऊळगाव राजाच्या एका मंगल कार्यालयात होता. पुण्याची एक संशोधन संस्था अशा कार्यक्रमांवर अहवाल काढते. तिथे मी विश्लेषक आहे. माझं गाव धाड, शिक्षण एम.एस्सी. संख्याशास्त्र.

पुढे शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं घेणारे शेतकरी होते, त्यांच्यात बियाणे कंपनीचे किसनराव. मागच्या रांगेत क्रॉसिंग करणाऱ्या बाया. फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा, हे त्यांचं काम.

"फोटो काढा, ॲप सांगेल फळ संकरित आहे की नाही," सादरकर्ता म्हणाला. "यंदा प्लॉट पास की नापास, ते ॲप ठरवेल."

किसनराव मान डोलावत होते. बायांच्या मुकादम बेबीताई माझ्याकडे वळल्या. "नापास झालं तं पुढच्या साली आमच्या टोळीले कोन बोलावन?"

प्रात्यक्षिक कार्यालयामागच्याच शेडनेटमध्ये होतं. मी दोरा बांधलेली, म्हणजे क्रॉसिंग झालेली चाळीस फळं निवडली आणि प्रत्येकाचा फोटो काढायला लावला. लाल दोऱ्याची अकरा फळं ॲपने बरोबर ओळखली. पिवळ्या-पांढऱ्या दोऱ्याच्या एकोणतीसपैकी सत्तावीस फळांवर शेरा आला : संकर नाही.

"रंग वेगळे काऊन?" मी बेबीताईंना विचारलं.

"दर हप्त्याले रंग बदलतो. कोन्तं फळ आधी उतरवायचं, ते दोरा सांगते."

ॲपला बहुतेक लाल दोऱ्याचेच फोटो दाखवून शिकवलं असावं. ते खरंच फळ बघतं का, हे तपासायला मी बेबीताईंच्या डबीतला लाल दोरा घेतला आणि पानाच्या देठाला बांधला. फोटो काढला. हिरवी खूण आली : संकर यशस्वी.

"पानाले मिरच्या लागतीन आता!" एक बाई ओरडली, आणि सगळ्या हसल्या.

सादरकर्ता हसला नाही. "ताई, तुम्ही लालच दोरा वापरा ना."

"मंग हप्ता तुमचा मोबाईल मोजन का?"

परत हॉलमध्ये आलो. तेवढ्यात पुण्याहून आमच्या संस्थेच्या मॅडमचा मेसेज : 'सॉफ्टवेअर कंपनी आपली क्लायंट आहे. दोन शब्द चांगले बोल.' सादरकर्त्याने माईक माझ्या हातात दिला. मी चांगले शब्द शोधले नाहीत. वहीतला तक्ता वाचला. चाळीस फळं, सत्तावीस चुका आणि वर एक पान. पानाचा फोटो मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं. सादरकर्ता केबल शोधत राहिला, म्हणून मी फोन घेऊन रांगारांगांतून फिरले.

किसनरावांनी फोटो दोनदा बघितला. "यंदा हे नको. प्लॉट पाहायला माणूसच येईल, आन् बेबीताई त्याच्यासंगं फिरतील."

दाराबाहेर मॅडमचा फोन आला. "समता, तो तक्ता अहवालात जाणार नाही."

"मग माझं नावही जाणार नाही."

"नोकरीचा विचार कर."

"तक्ता पहिल्या पानावर असेल, मॅडम. आज संध्याकाळी पाठवते." मी फोन ठेवला.

बेबीताई मागेच उभ्या होत्या. "नोकरी गेली तं?"

"तर मले क्रॉसिंग शिकवा."

त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. "तुमी? तुमी तं पानालेच बांधसान."