बिनरंगाची झाडं

वाल्ट्राऊटने फळी करवतीच्या मेजावर सरकवली आणि पेन्सिलीच्या रेघेवरून पात्याखाली फिरवायला घेतली. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिचा हात रेघ सोडत नव्हता. शेंडा सुटला आणि वीतभर उंचीचं झाड तिच्या तळहातावर आलं. फिकट लाकूड, निळसर डाग, किड्यांनी पोखरलेल्या वेड्यावाकड्या वाटा.

दार ढकलून फोल्कमार आत आला. यंदा नाताळच्या बाजाराचा तोच प्रमुख होता.

"काकू, समितीनं ठरवलंय. डाग बुजवा, वरून हिरवा रंग मारा. नाहीतर तुमचा गाळा दुसऱ्याला जाईल."

"जाऊ दे की."

"असं काय करता? किडकं झाड खिडकीत कोण मांडेल?"

"ज्याला मांडायचं तो मांडेल. तू नको मांडूस."

गावामागची टेकडी वनखात्यानं उन्हाळ्यातच बोडकी केली होती. स्प्रूसच्या झाडांना कीड लागली, लाकडात निळे डाग उतरले, इलाज नव्हता. बाजाराच्या पत्रकावर मात्र अजून जुनाच हिरवागार फोटो छापत होते. वाल्ट्राऊटनं त्या झाडांच्या सालीलगतच्या फळ्या मागून आणल्या होत्या.

"लोक इथं आनंदासाठी येतात, काकू."

"मग मी काय रडायला बसलेय? गाळा नसला तर चर्चच्या पायरीवर बसेन. हुसकायला तू स्वतः ये, पोरांना पाठवू नकोस."

फोल्कमारनं चिडून फडताळातलं एक झाड उचललं. बुडाशी तापल्या तारेनं नाव कोरलं होतं. इर्मगार्ट.

"हे काय?"

"ते विकायचं नाही. महायुद्धानंतर टेकडी अशीच उघडी होती. आम्ही अकराजणींनी तिच्यावर रोपं लावली. मी सोळाची, तुझी आई इर्मगार्ट सतराची. ती अकरा झाडं ज्यांची त्यांच्या घरी जातील."

"आई कधी बोलली नाही."

"बोलायचं काय त्यात? कंबर धरून घरी यायचो, बटाटे खायचो, झोपायचो."

त्यानं हातमोजा काढला. अंगठा पोखरलेल्या वाटेवरून एकदा फिरवला आणि झाड कोटाच्या आत ठेवलं. जाताना एवढंच म्हणाला,

"गाळ्याचं मी बदलू शकत नाही. समितीचा ठराव आहे."

"मी मागितलाय कुठं?"

बाजाराच्या पहिल्या रविवारी तिच्या गाळ्यात भाजलेले बदाम विकायला होते. वाल्ट्राऊट गोधडी अंथरून चर्चच्या पायरीवर बसली होती. दुपारी छातीवर समितीचा बिल्ला लावून फोल्कमार समोर येऊन उभा राहिला. तिनं हनुवटी वर केली.

"आलास हुसकायला?"

तेवढ्यात एका परगावच्या बाईनं वाकून झाड उचललं, उजेडात धरलं.

"अहो, याला डाग कसले?"

वाल्ट्राऊटनं तोंड उघडलं, पण उत्तर फोल्कमारनं दिलं.

"टेकडी मेली आमची," तो म्हणाला. "तिचे आहेत."